टेको बोल्ड : पत्रा कापून बघितलेला फॉन्ट

मामाच्या वर्कशॉपचा बोर्ड अखेर मागच्या गुरुवारी चढला. गुरुवारीच, कारण भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, टेम्पोंची गर्दी नाही, शिडी लावायला रस्ता मोकळा. त्या बोर्डावर जो फॉन्ट आहे तो टेको, वजन (म्हणजे रेघेची जाडी) बोल्ड, आणि गेला दीड महिना मी हा फॉन्ट स्क्रीनवर, व्हिनाइलच्या स्टिकरवर, तीन एमएमच्या पत्र्यावर आणि एकदा चक्क खडूने वर्कशॉपच्या फरशीवर असा सगळीकडे बघितलाय, तर म्हटलं आता लिहूनच टाकू. मला शोधताना जे काही वाचायला मिळालं ते बहुतेक सगळं इंग्रजी अक्षरांबद्दल होतं, पोस्टरला भारी दिसतो, गेमला भारी दिसतो वगैरे. मराठी अक्षरं मोठ्या बोर्डावर कशी वागतात हा माझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पत्रा कापल्यावरच मिळालं.

तर झालं असं की मामाने पत्रा कापायचं नवीन फायबर लेझर मशीन घेतलं आणि मशीन आल्यावर त्याला जुना बोर्ड लाजिरवाणा वाटायला लागला. जुना म्हणजे पिवळ्यावर लाल, इंग्रजी नाव हे एवढं मोठं आणि मराठी नाव खाली कोपऱ्यात फोन नंबरच्या शेजारी. त्याने मला व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी परदेशी कारखान्याचा फोटो पाठवला, चौकोनी अक्षरं, कोपरे गोलावलेले, स्पेसशिपवर शोभेल असं काहीतरी, आणि खाली मेसेज, 'अगं हेच आपल्याला मराठीत करून दे.' जणू काही फोटोवर क्लिक केलं की मराठी होतं.

फोटोतली अक्षरं ऑर्बिट्रॉनच्या जातकुळीतली होती. ऑर्बिट्रॉन हा मॅट मॅकइनर्नी या डिझायनरचा फॉन्ट, फुकट मिळतो, दिसायला खणखणीत, पण त्यात देवनागरी नाही, विषय संपला. बाय द वे त्या फॉन्टच्या वर्णनातच एक गंमत आहे, की भविष्यावरचे सिनेमे बघितले तर असं वाटतं की जगबुडीत बाकीचे सगळे फॉन्ट नष्ट झाले आणि युरोस्टाइल आणि बँक गॉथिक असे दोन-चारच वाचले, म्हणून त्यांना एक पर्याय द्यायला हा काढला. हे अगदी खरं आहे. यातला बँक गॉथिक १९३० चा, मॉरिस फुलर बेंटनचा. युरोस्टाइल १९६२ चा, अल्दो नोव्हारेझेने इटलीत नेबिओलो फाउंड्रीसाठी काढलेला, आणि त्याच्या आधी १९५२ चा मायक्रोग्रामा, ज्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. म्हणजे मामाला जे 'एकदम फ्यूचर' वाटत होतं ते मामापेक्षा वयाने मोठं आहे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'मग टिकलंय ना, तेच लाव.'

आता मराठी नाव कोपऱ्यात चालणारच नव्हतं. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणीही मराठी पाटी सक्तीची आहे, मराठी नाव आधी आणि त्याचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. मग २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली ती २५ नोव्हेंबरला संपली. मामाकडे सात माणसं. तो इतके दिवस 'बघू बघू' करत होता. पण माझ्यासारख्या बोर्ड करणाऱ्यांसाठी या नियमाने एक गोष्ट फार चांगली केली, आता मराठी अक्षर हेच बोर्डाचं तोंड झालं, आधी इंग्रजीत लोगो करून मग मराठी कुठल्यातरी मिळेल त्या फॉन्टात चिकटवायची सोय राहिली नाही. मग तुम्हाला असाच फॉन्ट लागतो ज्यात दोन्ही लिप्या एकाच घरातल्या वाटतील. त्यातही चौकोनी, यांत्रिक, जाड असं पाहिजे असेल तर फुकटात हाताशी येणारी नावं फार नाहीत. मी तीन काढली, टेको, राजधानी आणि खंड. तिन्ही अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीची, तिन्ही गूगल फॉन्ट्सवर. खंड छान आहे पण त्यात मला वर्तमानपत्राचा मथळा दिसतो, मशीन दिसत नाही, म्हणून तो लगेच बाजूला.

टेको मानुषी पारिख यांनी डिझाइन केलाय, २०१४ मध्ये आला. पाच वजनं, लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड. मुळात स्क्रीनवरच्या मथळ्यांसाठी केलेला फॉन्ट आहे हा, पुस्तकाच्या पानासाठी नाही. आणि फाउंड्रीचंच सांगणं आहे की लांब मथळ्याला रेग्युलर ते सेमीबोल्ड वापरा, बोल्ड मुख्यतः एक-दोन शब्दांसाठी. हे वाक्य मी आधी वाचलं आणि सोडून दिलं, नंतर दोनदा तोंडावर आपटल्यावर परत वाचलं. मामाच्या नावात नेमके दोनच शब्द आहेत, पहिल्यात द्ध आहे आणि दुसरा 'इंजिनियरिंग'. (मामा य घालून लिहितो, अ नाही, त्यावर भांडू नका, मी भांडून झालेय.)

दिसायला कसा आहे? अक्षरं उभट, अंग चोरून उभी, सगळीकडे रेघेची जाडी जवळपास सारखी. व चं पोट गोल नाही, कोपरे घासून गुळगुळीत केलेला चौकोनी पाइप वाकवावा तसं. बोरूची जाड-बारीक रेघ ही आपल्या अक्षरांची जुनी सवय, ती इथे मोडून काढलीय आणि तरी अक्षर परकं वाटत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. कारण देवनागरी चौकोनी करणं हा फार घसरडा प्रकार आहे. घ आणि ध मधला फरक असतो किती? डोक्यावरची रेघ आणि एक गिरकी. भ आणि म चंही तेच. गिरकी चौकोनात दाबली की दोन्ही सारखे. ख तर मुळातच र आणि व शेजारी उभे केल्यासारखा, 'भविष्यवेधी' करायच्या नादात लोक त्याचे सांधे तोडतात आणि मग खाणावळीची रवाणावळ होते. टेकोमध्ये हा आगाऊपणा नाही. जिथे वळण पाहिजे तिथे वळण ठेवलंय. मामाच्या सुपरवायझर काकांना मी नुसता प्रिंट लांबून दाखवला, त्यांना चष्मा लागलाय आणि तो ते लावत नाहीत, त्यांनी एका दमात वाचला. माझ्यासाठी ती टेस्ट पास.

पण खरी मजा शिरोरेखेची. इंग्रजी 'इंजिनीअरिंग' पत्र्यात कापलं की अकरा तुकडे पडतात, अकराही वेगळे सरळ रेषेत बसवायचे, प्रत्येकाला मागून स्टड (बोर्डात अडकवायची खुंटी). मराठीत अख्खा शब्द शिरोरेखेला लटकलेला असतो, म्हणजे एकच तुकडा. टेको बोल्डची शिरोरेखा चांगली भरदार आहे, पंधरा इंची अक्षरात ती एखाद्या पट्टीसारखीच होते, आणि अक्षरं तिच्याखाली क्रेनच्या गॅन्ट्रीला टांगलेल्या मालासारखी. आम्ही शब्द उचलला तेव्हा दोघांनी शिरोरेखेला धरूनच उचलला, कुठे लचकला नाही. इंडस्ट्रियल लूक म्हणून लोक पाश्चात्त्य फॉन्टांच्या मागे धावतात, अरे आपल्या लिपीत बीम जन्मापासून आहे! गुजरातीत टेको म्हणजे आपला टेकू, आणि या बोर्डाला मागच्या अँगलपेक्षा शिरोरेखेचाच टेकू जास्त आहे असं मी मामाला म्हटलं तर त्याने अँगलचं बिल दाखवलं.

आता रडगाणं. पहिला पत्रा वाया गेला. मामाच्या मशीनचं ट्रेनिंग चालू होतं म्हणून पहिला कट आम्ही बाहेरच्या एका जॉबवर्कवाल्याकडे केला, नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझीही होती. देवनागरी फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरात थोडी घुसलेली असते, म्हणून स्क्रीनवर सलग दिसते. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आउटलाइन करून, फाइल दिली की त्या जागी दोन आउटलाइन एकमेकींवर बसलेल्या राहतात. छापताना काही कळत नाही. लेझरला मात्र ती रेघ म्हणजे कापायची रेघ. त्यामुळे कापायच्या आधी सगळं सिलेक्ट करून वेल्ड मारायचं असतं, म्हणजे एकमेकींवर बसलेल्या आउटलाइन जोडून एक करायच्या. मी समजले ऑपरेटर मारेल, ऑपरेटर समजला ताईंनी मारलंय. मशीनने इमानदारीत प्रत्येक सांधा कापला आणि टेबलावरून ज, न, य, र, ग असे सुटे सुटे निघाले, बालवाडीच्या लाकडी अक्षरांसारखे. मामा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, 'शिरोरेखेचा बीम कुठे गेला गं?'

दुसरं म्हणजे खालच्या ओळीचं व्हिनाइल. तिथला मुलगा चांगला पण त्याच्याकडचं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जुनं, युनिकोड मराठी (मोबाइलवर टाइप होते तीच) टाकलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. पुण्यातले असे बरेच जण अजून श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) काम करतात, ती पुण्याचीच, मॉड्युलर इन्फोटेकची, त्यांचे हात तिच्यावर बसलेत आणि वेगाने चालतात, तक्रार नाही. पण टेको हा युनिकोड फॉन्ट, तो तिथे जाऊन टाइप करायच्या भानगडीत पडूच नका, घरून कर्व्ह केलेली पीडीएफ घेऊन जा. आणि फॉन्ट डाउनलोड केला की झिपमध्ये एक व्हेरिएबल फाइल (सगळी वजनं एकातच) आणि स्टॅटिक नावाचं फोल्डर असं दोन्ही येतं, जुन्या सॉफ्टवेअरला स्टॅटिकमधल्या सुट्या फाइली घाला, नाहीतर बोल्ड शोधत बसाल.

त्याच मुलाने मला न विचारता आणखी एक प्रताप केला. टेको अरुंद आहे हे मी वर सांगितलंच. बारा फूट बाय तीन फुटांचा बोर्ड, त्यात पंधरा इंची अक्षरं घेतली तर दोन शब्द मिळून साधारण सात फुटांत बसतात. उरलेले पाच फूट मोकळे. या मोकळ्या जागेची आपल्याकडे सगळ्यांना भीती वाटते. त्याने प्रूफमध्ये (आधी दाखवायच्या नमुन्यात) अक्षरांना दोन्ही बाजूंनी धरून सरळ दीडपट ताणलं, 'ताई, बोर्ड भरून दिसतोय बघा.' अहो, रेघेची जाडी सगळीकडे सारखी हाच तर या फॉन्टचा जीव! ताणल्यावर उभे दांडे जाडजूड झाले, आडव्या रेघा होत्या तेवढ्याच राहिल्या, व चं पोट फुगलं, आणि जे यंत्रासारखं दिसत होतं ते दसऱ्याच्या सेलच्या फ्लेक्ससारखं दिसायला लागलं. रुंद अक्षर पाहिजे असेल तर रुंद फॉन्ट घ्या, टेको ताणू नका, हात जोडून सांगते. मामाचीही तक्रार होतीच, मोकळ्या जागेचे पैसे कशाला द्यायचे म्हणून. शेवटी डावीकडे मशीनच्या नोझलचं एक साधं चिन्ह टाकलं, उजवीकडे थोडं मोकळं सोडलं, आणि खडूने फरशीवर खऱ्या मापात काढून दाखवलं तेव्हा तो गप्प बसला.

अनुस्वाराचं तर विचारूच नका. इंजिनियरिंगमध्ये दोन टिंबं. शिरोरेखेच्या वर, कशालाच न चिकटलेली. सगळा शब्द एका तुकड्यात आणि ही दोन पिल्लं वेगळी, प्रत्येकाला स्वतःचा स्टड, स्वतःचं भोक. यात टेकोचा दोष नाही, लिपीच तशी आहे, कुठलाही फॉन्ट घ्या टिंब हवेतच असणार. मी एक प्रयत्न करून बघितला, टिंबाला खालून बारीक पट्टी देऊन शिरोरेखेला जोडलं, पण ते टिंब न राहता मोडक्या मात्रेसारखं दिसायला लागलं, काढून टाकलं. मामाचं म्हणणं, पेंटर असता तर ब्रशच्या एका टिचकीत टिंब झालं असतं. बसवताना पहिलं टिंब हातातून निसटलं ते थेट गटारात, आणि ते काढून, धुऊन परत लावेपर्यंत अर्धा तास भोसरीत 'इजिनियरिंग' झळकत होतं. समोरच्या चहावाल्याने फोटो काढलाय. नक्की काढलाय.

लहान आकारात बोल्ड वापरू नका, हे सरळ सांगते. मोठ्या बोर्डावर द्ध मजेत बसला, पंधरा इंचांत त्याच्या आतल्या फटी बोट जाईल एवढ्या आहेत. मग उत्साहात आम्ही त्याच फाइलमधून गेटसाठी दोन इंची अक्षरांची पाटी कापली. द च्या खाली ध लटकलेला, वर शिरोरेखा, सगळं त्या दोन इंचांत, आतली फट पत्र्याच्या जाडीएवढी जेमतेम, तिथे उष्णता साठली, वितळलेल्या पत्र्याची मळी चिकटली आणि द्ध चा काळा गोळा झाला. कानशीने घासून घासून काकांनी त्यात उजेड पाडला. गेटची पाटी परत मीडियममध्ये कापली, स्वच्छ निघाली. तेव्हा मला ते 'एक-दोन शब्दांसाठी' वालं वाक्य आठवलं, आणि मी त्यात स्वतःच्या मनाने भर घातली, एक-दोन शब्द आणि ते पण मोठे.

राजधानीबद्दल थोडं. तोही २०१४ चाच, तोही पाच वजनांचा, गोलाई जिथे असायची तिथे सरळ बाजू आणि रेघांच्या टोकांना गोलावलेले कोपरे, आणि खरं सांगायचं तर 'भविष्य' हा शब्द टेकोपेक्षा त्याला जास्त शोभतो, डिजिटल मीटरवरच्या आकड्यांची आठवण येते. पण त्याचा बोल्ड माझ्या डोळ्याला बोल्ड वाटत नाही. ठोकताळा असा की अक्षराच्या एका इंचाला दहा फूट अंतर धरायचं, म्हणजे पंधरा इंचांना दीडशे फूट. तेवढ्या लांबून राजधानीचं प्रूफ सडपातळ दिसत होतं आणि टेको छाती काढून उभा होता. ब्रोशर, वेबसाइट, कोटेशनचं हेडिंग असं काही असेल तर मी डोळे झाकून राजधानी घेईन. रस्त्यावर टेको.

पैशांचं म्हणाल तर फॉन्ट फुकट आहे. ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे धंद्यासाठी वापरा, बोर्ड करा, टी-शर्ट करा, फक्त नुसता फॉन्ट उचलून विकायचा नाही. खर्च झाला तो पत्रा (दोनदा, वर सांगितलं), पावडर कोटिंग, मागची एसीपी शीट (ॲल्युमिनियमचा पॅनेल), आणि एलईडी. एलईडी मॉड्यूल आणि एसएमपीएस (त्यांना वीज देणारा डबा) मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणले, तिथे दोन तास आणि एक छत्री गेली.

लाइट अक्षरांच्या मागून आहे, अक्षर काळं मॅट, भिंतीवर त्याच्या कडेने उजेड सांडतो. दिवसा बोर्ड चांगला दिसतो, पण संध्याकाळी सातनंतर जो दिसतो ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मामाला जो स्पेसशिप पाहिजे होता तो हा. शिरोरेखेची एक लांब काळी रेघ, तिच्याखाली अक्षरांच्या आतल्या फटी उजळलेल्या, सगळ्या जवळजवळ सारख्या रुंदीच्या, एका लयीत. बारीक-जाड रेघांचा फॉन्ट असता तर कुठे जास्त उजेड, कुठे कमी असं ठिगळ दिसलं असतं. काका म्हणाले, 'चाळणीतून लाइट येतोय असं वाटतं.' त्यांच्या तोंडून ही स्तुतीच आहे.

तर माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेल्डचा राग म्हणून, जो खरं तर माझ्या स्वतःच्या मार्कांतून कापायला पाहिजे.

आता मामाला व्हिजिटिंग कार्डही 'सेम टु सेम बोर्डासारखं' पाहिजे, टेको बोल्ड, सगळंच्या सगळं, नाव, पत्ता, जीएसटी नंबर, 'आमच्याकडे सर्व प्रकारचे लेझर कटिंग करून मिळेल' पासून खाली ईमेलपर्यंत. मी नाव तेवढं टेकोत ठेवलं आणि बाकी सगळं राजधानी मीडियममध्ये केलं. पाचशे कार्डं छापून आली. मामा दोन दिवस सगळ्यांना दाखवतोय, बघा, बोर्ड आणि कार्ड एकच फॉन्ट.